‘चर्चवरचा विश्वास उडालाय, नवऱ्याला कसं सांगू?’

ताई, मी मूळची सांगलीची. 2010 मध्ये एमएस करायला सॉल्ट लेक सिटीला आले. पहिल्याच हिवाळ्यात, बर्फात घर बदलत असताना, दोन मॉर्मन मिशनरी मुली मदतीला धावून आल्या (मॉर्मन हा अमेरिकेत सुरू झालेला ख्रिस्ती पंथ). मग त्या येत राहिल्या, मी त्यांच्याबरोबर रविवारी चर्चला जायला लागले आणि 2012 मध्ये बाप्तिस्मा घेतला. 2014 मध्ये सॉल्ट लेकच्या टेंपलमध्ये, म्हणजे रविवारच्या चर्चहून वेगळ्या, खास विधींच्या मंदिरात लग्न झालं. नवरा सहाव्या पिढीतला मॉर्मन, त्याचे पूर्वज 1856 मध्ये हातगाडी ओढत इथे पोचलेले. माणूस लाखात एक आहे, हे आधीच सांगते. टेंपलमध्ये सदस्य नसलेल्यांना प्रवेश नाही, त्यामुळे लग्न लागताना आई-बाबा बाहेर वेटिंग रूममध्ये बसून होते. बाबांनी खिशात अक्षतांची पुडी आणली होती. ती तशीच परत नेली.

गेल्या वर्षी माझ्याकडे प्रायमरीचा, म्हणजे लहान मुलांचा वर्ग होता आणि विषय चर्चचा इतिहास. मुलांना चित्र दाखवलं: चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ टेबलापाशी बसलाय, समोर सोन्याच्या पाट्या, बोट ओळीवर. एका मुलीनं विचारलं, त्याला ते वाचता कसं येत होतं? नीट उत्तर द्यावं म्हणून घरी येऊन चर्चच्याच संकेतस्थळावरचे लेख उघडले. तिथे लिहिलं होतं की तो एक दगड टोपीत ठेवायचा आणि टोपीत तोंड घालून मजकूर सांगायचा. तिथून वाचतच गेले. मग त्याच्या बायका. मग पपायरस. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोन हातात. देवावर विश्वास उरलाय की नाही ते माहीत नाही, चर्चवर नाही.

कुणालाच बोललेले नाही. परवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून, इतक्या वर्षांनी चहा प्यायले आणि रडू कोसळलं. मुलगा मार्चमध्ये आठ वर्षांचा होईल, तेव्हा त्याचा बाप्तिस्मा. सासूबाईंनी पांढरे कपडे आत्ताच आणून ठेवलेत. नवऱ्याला सांगू का? चर्चमधून नाव काढून घेऊ का? बाप्तिस्मा थांबवू का? आणि आईला काय सांगू? ती म्हणेल, मी तेव्हाच म्हटलं होतं.

– एक वाचक, लीहाय, युटा

आधी चहाचं बोलू. बाकीच्या प्रश्नांना वेळ लागेल, चहाला लागणार नाही, आणि ही सगळी भानगड नवऱ्याला गाडीतल्या कागदी कपावरून कळावी असं तुला नक्कीच वाटत नसेल. मॉर्मन घरात चहा-कॉफी ही नुसती आवडनिवड नसते. 1833 मध्ये जोसेफ स्मिथनं ‘गरम पेयं’ वर्ज्य सांगितली आणि तो नियम पाळतेस का, हे टेंपलचा परवाना देताना आजही विचारतात. त्यामुळे तू ओट्यावर आधण ठेवलंस तर नवऱ्याला त्यात तलफ दिसणार नाही, ‘ही चालली’ असं दिसेल. तेव्हा चहाच्या आधी बोलणं व्हायला हवं, आणि लवकर व्हायला हवं. चर्चनं माझ्यापासून लपवलं, ही तुझी तक्रार आहे ना? ती तक्रार घेऊन स्वतः लपवालपवी करत राहणं फार दिवस जमत नाही.

आता तुझ्या वाचनाबद्दल. हे विरोधकांचं पत्रक नव्हतं, हे मनाशी पक्कं असू दे, कारण तसा आरोप होणारच आहे. तू सांगितलेले लेख मी वाचून काढले. 2013 ते 2015 या काळात चर्चनं ते स्वतःच, फारसा गाजावाजा न करता प्रसिद्ध केले. ज्या वाचकांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी: न्यूयॉर्क राज्यातल्या जोसेफ स्मिथ या शेतकऱ्याच्या मुलानं सांगितलं, की देवदूतानं दाखवलेल्या टेकडीतून 1827 मध्ये आपल्याला सोन्याच्या पाट्या मिळाल्या. त्यावरचा प्राचीन मजकूर ईश्वरी सामर्थ्यानं उलगडून त्यानं 1830 मध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’ छापलं आणि त्याच वर्षी 6 एप्रिलला चर्च स्थापन केलं. पाट्या देवदूतानं परत नेल्या. (तुझ्या गावाचं नाव, लीहाय, हे त्याच पुस्तकातल्या एका संदेष्ट्याचं.) अशा कथा प्रत्येक धर्मात असतात आणि त्या मानायच्या की नाहीत हा ज्याचा त्याचा प्रश्न. तुझं देवदूताशी भांडण नाही. तुझं भांडण त्या चित्राशी आहे.

आणि ते चित्र खरंच खोटं आहे. चर्चच्याच लेखानुसार जोसेफ कधी पाट्यांबरोबर मिळालेली ‘दर्शक’ साधनं वापरायचा, तर कधी तरुणपणी सापडलेला एक दगड. याच दगडात बघून पूर्वी तो लोकांच्या हरवलेल्या वस्तू आणि पुरलेलं धन शोधायचा. उजेड आत येऊ नये म्हणून चेहरा टोपीत खुपसायचा आणि मजकूर सांगायचा. ऑगस्ट 2015 मध्ये चर्चनं त्या दगडाचे फोटो छापले: अंड्याच्या आकाराचा, चॉकलेटी, गुळगुळीत, शेजारी एक कातडी पिशवी. तो दगड कितीतरी पिढ्या चर्चच्याच ताब्यात होता, आणि भिंतीवर मात्र बोट ओळीवर ठेवलेलं चित्र लागत होतं.

बायकांबद्दलचा लेख ऑक्टोबर 2014 चा. जोसेफच्या बायकांची संख्या 30 ते 40 च्या दरम्यान असावी, हा आकडा मुख्य मजकुरात नाही, तळटिपेत आहे. काही जणींचे नवरे हयात होते, हे त्यात कबूल केलेलं आहे. हेलन मार किंबॉल या मुलीचं वय ‘पंधराव्या वाढदिवसाच्या काही महिने आधी’ अशा शब्दांत दिलंय. चौदा हा आकडा लिहायला हात धजावला नाही. पपायरसची गोष्ट तशीच. 1835 मध्ये ममींबरोबर विकत घेतलेल्या इजिप्शियन गुंडाळ्यांतून जोसेफनं ‘बुक ऑफ अब्राहम’ काढलं. त्या गुंडाळ्यांचे काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात निघाले, 1967 मध्ये चर्चला परत मिळाले, आणि तज्ज्ञांनी वाचले तेव्हा मृतांबरोबर ठेवायचे नेहमीचे मंत्र निघाले. अब्राहमचं नावही नाही. हे 2014 च्या लेखात चर्च मान्य करतं, आणि मग ‘भाषांतर’ याचा अर्थ वेगळाही असू शकतो, असं समजावतं.

आपल्याकडे बखर कशाला म्हणायचं आणि अस्सल कागद कशाला, हे शाळेतल्या इतिहासाच्या बाईही सांगतात. बखर मागाहून लिहिलेली असते, धन्याच्या गौरवासाठी लिहिलेली असते, तिच्यात काळवेळाचे घोळ असतात. तरी आपण ती आवडीनं वाचतो, कारण ती बखर आहे हे ठाऊक असतं. तुला त्यांनी बखर दिली आणि अस्सल कागद म्हणून तुझी साक्ष घेतली. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास करून, माइकपुढे उभं राहून, ‘मला वाटतं’ असं नव्हे तर ‘हे चर्च खरं आहे हे मी जाणते’ असं तू म्हणत होतीस. तेच वाक्य दुसऱ्यांच्या सात-आठ वर्षांच्या मुलांना शिकवत होतीस. शब्द तुझा गुंतला होता. राग येणं साहजिक आहे आणि तो लवकर जाणारही नाही.

बोलायला लागलीस की काही ठरावीक उत्तरं समोरून येतील. ‘यात लपवलेलं काहीच नव्हतं’ हे पहिलं. यात तथ्य आहे, म्हणून जपून. पुढे 2018 मध्ये चर्चचे अध्यक्ष झालेले रसेल नेल्सन यांच्या एका लेखात टोपी आणि दगड दोन्हींचा उल्लेख आहे, चर्चच्या मासिकात, 1993 मध्ये. कुणी तो अंक तुझ्यापुढे ठेवला तर तू गप्प होशील. पण 1832 ची ती वहीही आहे. जोसेफनं आपल्या पहिल्या दर्शनाची, म्हणजे देव दिसल्याची, हकिगत त्या वर्षी प्रथम लिहिली, आणि त्यात ‘प्रभू’ एकच आहे. पुढे 1838 मध्ये सांगितलेल्या आणि आज धर्मग्रंथात असलेल्या हकिगतीत पिता आणि पुत्र असे दोघं आहेत. ही जुनी पानं वहीतून कापून चर्चच्या इतिहासकाराच्या तिजोरीत ठेवली गेली आणि 1960 च्या दशकात बाहेर आली. म्हणजे काही गोष्टी मासिकात होत्या आणि काही तिजोरीत. कोणती कुठे, हे ठरवणारे तुला विचारायला आले नव्हते.

दुसरं उत्तर, ‘संदेष्टेही माणसंच’. हे म्हणणारी माणसं बहुधा चांगली असतात. पण ते पुरत नाही. काळ्या पुरुषांना 1978 पर्यंत याजकपद मिळत नव्हतं, काळ्या कुटुंबांना टेंपलचे विधी मिळत नव्हते. त्यामागची जी कारणं पिढ्यान् पिढ्या व्यासपीठावरून सांगितली गेली, ती 2013 च्या लेखात चर्चनं अमान्य केली. चुकलेला माणूस होता हे दीडशेहून अधिक वर्षांनी कळलं. त्या काळात जे मान खाली घालून आज्ञा पाळत राहिले त्यांनी काय करावं? आणि आज तुला जे ‘देवाची इच्छा’ म्हणून सांगितलं जातंय त्यातलं काय माणसाचं आहे, हे तू ठरवायचं की आणखी एखाद्या लेखाची वाट बघायची?

तिसरं उत्तर असं, की तुझ्या हातून काहीतरी पाप घडलंय, म्हणून शंका आली. याला उत्तर देऊ नकोस. ते संभाषण नसतं.

आणि खरं सांगू का, वरच्या दोन्हींनाही प्रत्युत्तर तयार ठेवू नकोस. मी ती लिहिली ती तुला रात्री दोन वाजता पुन्हा फोन उघडावा लागू नये म्हणून. सोडून जाण्यासाठी वाद जिंकावा लागत नाही. हीच कागदपत्रं वाचून दोन बायका दोन दिशांना गेल्या, दोघीही युटाशी नातं असलेल्या. फॉन ब्रोडी यांनी 1945 मध्ये जोसेफचं चरित्र लिहिलं. त्यांचे सख्खे काका पुढे चर्चचे अध्यक्ष झाले, तरी 1946 मध्येच त्यांना बहिष्कृत केलं गेलं आणि त्या परतल्या नाहीत. हुआनिता ब्रूक्स सेंट जॉर्जच्या. 1857 मध्ये माउंटन मेडोज इथे मॉर्मन सैनिकांनी सुमारे 120 वाटसरूंची कत्तल केली, त्यात बायका-मुलंही होती. हे प्रकरण त्यांनी स्वतःच्या गावकऱ्यांची नाराजी पत्करून खणून काढलं, 1950 मध्ये छापलं, आणि तरी शेवटपर्यंत सदस्य राहिल्या. मला दोघींबद्दल सारखाच आदर आहे. कागद काय घडलं ते सांगतो, तू काय करावंस ते सांगत नाही. तुझ्या पत्रावरून तू ब्रोडींच्या वाटेवर आहेस असं दिसतं, आणि त्यासाठी तुला कुणाच्या सहीची गरज नाही.

म्हणूनच नवऱ्याला दुवे पाठवू नकोस. एकही नाही. त्याचे पूर्वज 1856 मध्ये हातगाड्या ओढत आले, असं तू लिहिलंस. त्या वर्षीच्या दोन तांड्यांना वायोमिंगमध्ये बर्फानं गाठलं आणि दोनशेहून अधिक माणसं वाटेत गेली. तू ‘जोसेफ असा होता’ म्हणालीस की त्याला ऐकू येणार, ‘तुझ्या खापरपणजीनं उगाचच हाल सोसले’. मग तो दगडाची बाजू घेणार नाही, खापरपणजीची घेईल, आणि तुला वाटेल की याला पुरावा कळत नाही.

त्याला तुझं सांग. इंग्रजीत बोलाल, शब्द तुझे तू निवडशील, पण मजकूर साधारण असा: ‘गेलं वर्षभर मी एकटीच एका गोष्टीशी झगडतेय. चर्चनं सांगितलेला इतिहास आता मला खरा वाटत नाही, आणि मी जाणते असं मी यापुढे म्हणू शकत नाही. तुला सोडायचा विचार माझ्या मनात आलेला नाही. तू विश्वास सोडावास असं मी म्हणत नाही. मला फक्त घरात खोटं वागायचं नाहीये.’ एवढ्यावर थांब. तो विचारेल काय वाचलंस, तेव्हा म्हण, तुला ऐकायचं असेल त्या दिवशी सांगेन. ‘तुला सोडायचा विचार नाही’ हे वाक्य दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हण, आणि तिसऱ्या दिवशीही. तुमच्या टेंपलमधल्या लग्नात तुम्ही मरेपर्यंत नव्हे, अनंतकाळासाठी बांधले गेलात. तुझा विश्वास गेला म्हणजे त्याच्या हिशेबात ते बंधनच सैल झालं. पहिल्या रात्री तो चिडला तर तो बऱ्याच अंशी घाबरलेला असेल.

रविवारी बोलू नकोस. चर्चहून येऊन, घामेजलेल्या शर्टाची टाय सोडत असताना तर नाहीच.

तो पहिलं म्हणेल, बिशपना भेटू. तुमचे बिशप म्हणजे चार घरं पलीकडे राहणारा कुणी दंतवैद्य किंवा अकाउंटंट, बिनपगारी, बहुधा सज्जन. पण त्यांना सांगितलं की मदतीच्या हेतूनं का होईना, आणखी दोघा-तिघांना कळतं, आणि गुरुवारपर्यंत चीज-बटाट्याचं कॅसरोल घेऊन कुणीतरी दारात उभं असतं. तेव्हा कुणाला, कधी, किती सांगायचं हे आधी तुम्ही दोघं ठरवा. ‘भेटू, पण दोन महिन्यांनी’ हे उत्तर चालेल. दोघांचं बोलणं तुटायला लागलं तर परवानाधारक विवाह समुपदेशक गाठा. पहिल्याच फोनवर विचार, अशी घरं पाहिली आहेत का? युटात अनेकांनी पाहिलेली असतात. नवऱ्याची नोकरी चर्चच्या संस्थेत असेल तर मात्र आधी ते तपासा. ब्रिगहॅम यंग विद्यापीठासारख्या ठिकाणी मॉर्मन कर्मचाऱ्यांना टेंपलचा परवाना लागतो. तो तुझा नव्हे, त्याचा लागतो, तरी घरात तणाव वाढलेला असताना अशी भीती मनात नको.

पैशाचं तू लिहिलं नाहीस, पण तो विषय निघेल. चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा म्हणजे तुमच्या दोघांच्या पगारात मोठी रक्कम झाली. फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं चर्च आणि चर्चची गुंतवणूक संस्था यांना मिळून 50 लाख डॉलर दंड केला, गुंतवणुकीचा आकार दिसू नये म्हणून वेगळ्या कंपन्या उभ्या केल्याबद्दल. हे तुला ठाऊक असेलच. ते भांडणात काढू नकोस. माझ्या पगारातून मी देणार नाही, तुझ्या पगारातून तुला हवं तर दे, इतकं साधं ठेव. अनेक मिश्र घरांत असंच चालतं.

आई. ती ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ म्हणेल, आणि तिला म्हणू दे. लेकीच्या लग्नाला वेटिंग रूममध्ये बसलेल्या बाईला एवढा हक्क आहे. खरं तर तिची माफी कुणी मागायला हवी असेल तर ती त्या नियमाबद्दल. 2019 मध्ये चर्चनं नियम बदलला, आता आधी सर्वांसमोर नागरी विवाह करून लगेच टेंपलचा विधी करता येतो. अमेरिकेत त्याआधी वर्षभर थांबावं लागे. तुमच्या पाच वर्षांनी हे झालं. आईला हे सांग, तिला बरं वाटेल की राग येईल कोण जाणे.

पण स्वतःला मूर्ख म्हणवून घेऊ नकोस, आणि आईच्या समाधानासाठी तर नाहीच. हा धर्म आपल्याकडच्या माणसांना काही 2010 मध्ये पहिल्यांदा भेटला नाही. 1850 च्या दशकात ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन मिशनरी मुंबईत आणि पुण्यात प्रचार करत फिरत होता. फारसं कुणी वळलं नाही, तो परत गेला. त्यांच्यापेक्षा तू भोळी होतीस असं मला वाटत नाही. परक्या गावात, उणे तापमानात, ओळखदेख नसताना दोन मुलींनी तुझी खोकी उचलली. ती खोकी खरी होती. बाळंतपणात आलेले डबे खरे होते. चौदा वर्षांत मिळालेली माया खरी होती, इतिहास छाटलेला होता, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगता आल्या तर आईलाही सांग. तिला चर्चवर सरसकट तोंडसुख घेऊ दिलंस तर उद्या ती तुझ्या नवऱ्यावर घेईल.

नाव काढून घेणं अवघड नाही. लेखी विनंती करता येते, आणि ती देणं हा तुझा हक्क आहे. पण आत्ता नको. तुझ्यासाठी ती एक नोंद खोडणं असेल. चर्चच्या समजुतीप्रमाणे मात्र त्यानं बाप्तिस्मा रद्द होतो आणि टेंपलमधले आशीर्वादही काढून घेतले जातात. नवऱ्याच्या भाषेत, तुम्हा दोघांचं जे अनंतकाळाचं होतं ते तू आपल्या सहीनं मोडलंस. ही बातमी त्याला पत्रातून किंवा सासूबाईंकडून कळता कामा नये. बरेच जण नुसतं जाणं थांबवतात आणि नाव यादीत वर्षानुवर्षं राहतं, कुणाचं काही अडत नाही. टेंपलच्या परवान्याची मुदत संपली की नवा घेऊ नकोस. त्या मुलाखतीत ‘पुनःस्थापनेबद्दल साक्ष आहे का’, म्हणजे जोसेफच्या हातून खरं चर्च पुन्हा उभं राहिलं हे मानतेस का, असं सरळ विचारतात आणि तुला खोटं बोलावं लागेल. प्रायमरीचा वर्ग मात्र या आठवड्यात सोड. बिशपना ‘सध्या जमणार नाही’ एवढं कारण पुरेसं आहे. नाव यादीत असलं तरी तुझ्या तोंडून काही जात नाही, त्या मुलांपुढे उभं राहिलं की जातं.

राहिला मुलगा, आणि तुझ्या पत्रात मला सगळ्यांत जास्त काळजी त्याची वाटली.

अल्पवयीन मुलाच्या बाप्तिस्म्याला पालकांची परवानगी लागते, तेव्हा तू अडवू शकतेस. माझं मत विचारशील तर अडवू नकोस. एकदा, शांतपणे, पुढे ढकलता येईल का ते विचार. पण मुलाला नऊ वर्षं पूर्ण झाल्यावर झालेला बाप्तिस्मा धर्मांतरिताचा म्हणून नोंदला जातो, सहाव्या पिढीच्या घरात ही गोष्ट लपत नाही, आणि नवरा बहुधा नाही म्हणेल. एखादा बाप पांढऱ्या कपड्यांत, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून आपल्या मुलाला स्वतःच्या हातांनी पाण्याखाली नेतो आणि वर काढतो, यासाठी तो आठ वर्षं वाट बघत असतो. मुलालाही हवं असेल, मित्रांचं झालेलं असेल, तर होऊ दे. तू त्या खोलीत बस, टॉवेल घेऊन. त्याला मोठेपणी नको वाटलं तर तोही सोडेल. कसं सोडायचं ते त्यानं घरात पाहिलेलं असेल.

मात्र एका गोष्टीवर तडजोड करू नकोस. प्रायमरीत त्याला ‘कुटुंब अनंतकाळ एकत्र’ असं दर रविवारी शिकवतात, तूच शिकवलंयस. तू यायची बंद झालीस की तो आठ वर्षांचा मुलगा गणित मांडेल आणि रात्री बाबाला विचारेल, ‘मग आई आपल्याबरोबर नसेल का?’ तुला नाही, बाबाला. तेव्हा नवऱ्यानं काय म्हणायचं हे मार्चच्या आधी तुम्ही दोघांनी बसून शब्दन्‌शब्द ठरवा. तो श्रद्धाळू आहे, त्याला खोटं बोलायला लावू नकोस. पण ‘देव आईवर प्रेम करतो, आणि आई कुठेही जात नाहीये’ हे त्याच्या श्रद्धेतही बसतं. याहून कमी काही तो म्हणणार असेल, ‘आईसाठी आपण प्रार्थना करू या’ असं काही, तर बाप्तिस्म्याची तारीख पुढे ढकल आणि आधी हे मिटव.